फॅशनची घाई कुणाला?

१९७० साली अमेरिकेतल्या कपड्यांच्या धंद्यानं एक मोठा डाव लावला. मिनी स्कर्टचे दिवस भरले, आता पोटरीपर्यंत येणारा मिडी चालणार, असं बड्या मंडळींनी ठरवून टाकलं. ‘विमेन्स वेअर डेली’ या धंद्यातल्या वजनदार दैनिकानं मिडीची बाजू लावून धरली, दुकानदारांनी माल भरला. बायकांनी मात्र पाठ फिरवली. आमच्या स्कर्टची लांबी ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारणारे गटसुद्धा उभे राहिले. कित्येकींनी लांबीचा वादच नको म्हणून सरळ पँट घातली. मिडी दुकानातच पडून राहिले.

तीन वर्षांनी, १९७३च्या सप्टेंबरमध्ये, आपल्याकडे ‘बॉबी’ लागला. डिंपल कापडियानं त्यात घातलेला ठिपक्यांचा, पोटावर गाठ मारलेला ब्लाउज बघता बघता गावोगाव पोचला. कापडाच्या दुकानात मुली ‘बॉबी प्रिंट’ मागू लागल्या. हा ब्लाउज खपवण्यासाठी कुणी मोहीम काढली नव्हती. मीटरभर कापड, ओळखीचा शिंपी आणि सिनेमाचं तिकीट एवढ्यावर काम भागलं.

एक फॅशन सगळा जोर लावूनही हलत नाही, दुसरी कुणी न ढकलता धावते, याचं कारण काय? लोक फॅशनच्या मागे मेंढरांसारखे पळतात, हे उत्तर तोंडावर तयार असतं. ते खरं असतं तर मिडी खपला असता. माणूस नवा कपडा उचलण्याआधी मनातल्या मनात बराच हिशेब करतो. पैसे किती जातील, आपल्याला ते नेसता-वावरता येईल का, चार लोक काय म्हणतील आणि नाहीच जमलं तर मागे फिरता येईल का. या हिशेबाचं उत्तर जितकं सोपं, तितकी फॅशन वेगानं पसरते. आणि गंमत अशी, की ज्या सोपेपणामुळे ती येते, त्याच सोपेपणानं ती जातेही.

वरची खळबळ आणि खालचा संथपणा

‘हल्ली फॅशन फार झपाट्यानं बदलते’ ही तक्रार प्रत्येक पिढी करत आली आहे. ती तपासून पाहण्याचा उद्योग आल्फ्रेड क्रोबर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९१९ साली केला. जुन्या फॅशन मासिकांतली चित्रं पुढ्यात घेऊन त्यानं पाश्चात्त्य बायकांच्या समारंभी झग्यांची मापं घेतली. झग्याची लांबी, खालचा घेर, कमरेची उंची आणि रुंदी, गळ्याची खोली, अशी सगळी मापं. पुढे १९४० साली जेन रिचर्डसन या सहकारी अभ्यासिकेबरोबर त्यानं हेच मोजमाप तीन शतकांपर्यंत मागे नेलं.

त्यांना जे दिसलं ते अनपेक्षित होतं. बाह्या, झालरी, फिती, बटणं यांची उलथापालथ वर्षावर्षाला चालू होती. पण झग्याचा मूळ ढाचा फार सावकाश सरकत होता. घेर रुंदावत रुंदावत टोकाला जायला सुमारे अर्धशतक, परत आक्रसायला तेवढाच काळ. म्हणजे एक फेरा शंभरेक वर्षांचा. ज्यांनी ते झगे शिवले आणि घातले त्यांना आपण कुठल्या शतकी फेऱ्यात आहोत याचा पत्ताही नव्हता. त्यांना दिसत होत्या त्या यंदाच्या झालरी.

म्हणून फॅशन किती वेगानं बदलते, या प्रश्नाला एक आकडा उत्तर म्हणून देताच येत नाही. साडीचा रंग, काठ, ब्लाउजची बाही यांचं घड्याळ वेगळं आणि साडी कशी नेसायची याचं घड्याळ वेगळं.

पहिला कोण, शेवटचा कोण

नवी गोष्ट माणसामाणसांतून कशी पसरते, याचा पाया घालणारा अभ्यास कपड्यांवर झालेला नाही. तो मक्याच्या बियाण्यावर झाला. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९२८च्या सुमारास संकरित मका आला. पीक जास्त, दुष्काळात तग धरणारं. तरीही शेतकऱ्यांनी तो लगेच उचलला नाही. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. पहिल्या पाच वर्षांत जेमतेम दहा टक्के शेतकऱ्यांनी बियाणं घेतलं. पुढच्या तीनच वर्षांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांवर गेलं. १९४१पर्यंत दोघे सोडून सगळ्यांच्या शेतात संकरित मका होता. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती. पण घ्यायचं की नाही, हे ठरलं शेजाऱ्याच्या शेताकडे बघून.

आयोवातच वाढलेल्या एव्हरेट रॉजर्सनं १९६२ साली अशा अनेक अभ्यासांची सांगड घालून पुस्तक लिहिलं. त्याचे स्वतःचे वडील संकरित मक्याला नाकं मुरडत होते आणि १९३६च्या दुष्काळात शेजाऱ्याचं पीक उभं राहिलेलं पाहून मग वळले. रॉजर्सनं लोकांचे पाच गट पाडले. अडीच टक्के पहिलं पाऊल टाकणारे, साडेतेरा टक्के त्यांच्या पाठोपाठ येणारे, चौतीस टक्के जरा थांबून, चौतीस टक्के सगळ्यांनी केल्यावर आणि सोळा टक्के अगदी शेवटी. ही टक्केवारी व्यवस्थापनाच्या वर्गांत निसर्गनियमासारखी शिकवली जाते. प्रत्यक्षात ते घंटेच्या आकाराच्या आलेखाचे सोयीनं पाडलेले तुकडे आहेत. त्यातून कळतं ते एवढंच की सगळे एकदम येत नाहीत. कुणी कशासाठी थांबलं, हे त्यातून कळत नाही.

ते सांगितलं मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं, १९७८ साली. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो, असं तो म्हणतो. आपल्या आधी किती जणांनी केलं की मी करीन, तो आकडा म्हणजे उंबरठा. हे आपल्याकडच्या उदाहरणात बसवून पाहू. एका गल्लीत कॉलेजला जाणाऱ्या दहा मुली आहेत. काळ असा, की सगळ्या साडी नेसतात आणि पंजाबी ड्रेस नुकता दिसू लागलाय. पहिली मुलगी बिनधास्त. कुणी घालो न घालो, ती घालणार. दुसरीला एक सोबतीण हवी. तिसरीला दोघी हव्यात, चौथीला तिघी. असं करत दहावीला नऊजणी घातलेल्या दिसायला हव्यात. या गल्लीत पहिलीनं ड्रेस घातला की एकीमागून एक सगळ्या घालतील, आणि बघणारे म्हणतील, काय बाई या मुलींना घाई!

आता शेजारची गल्ली घ्या. तिथेही दहाजणी, अगदी तशाच. फरक एवढाच, की दुसऱ्या क्रमांकाची मुलगी जरा बुजरी. तिला तिघी सोबतिणी हव्यात. पहिली ड्रेस घालते आणि तिथेच साखळी तुटते. बाकीच्यांपैकी एकीलाही एकटीच्या आधारावर पाऊल टाकायचं नाही. ही गल्ली ‘जुन्या वळणाची’ ठरते. दोन्ही गल्ल्यांतल्या नऊ मुली स्वभावानं सारख्याच आहेत, तरी एकीकडे दहाजणी ड्रेसमध्ये आणि दुसरीकडे एकटीच. लोकांकडे पाहून त्यांच्या समाजाचा वेग सांगता येत नाही तो यामुळे.

पुढे काय चालेल, हे आधीच सांगणं अवघड का, याचंही उत्तर इथेच आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवून हजारो तरुणांना ती ऐकवली. या तरुणांना वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हे प्रत्येकाला दिसत होतं. गाणी तीच असूनही वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी डोक्यावर घेतली गेली. फार वाईट गाणं सहसा वर चढलं नाही, फार चांगलं सहसा तळाला गेलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. कपड्यांच्या दुकानदाराला हे शास्त्रज्ञांनी सांगायची गरज नाही. दर दिवाळीनंतर उरलेला माल त्याला ते सांगतच असतो.

लुगड्याची गोल साडी होताना

महाराष्ट्रात गेल्या शतकात झालेला पोशाखातला सर्वांत मोठा बदल म्हणजे नऊवारी लुगडं जाऊन पाचवारी, सहावारी गोल साडी येणं. तो किती हळू झाला, ते पाहण्यासारखं आहे.

मुंबई इलाख्यात वेगळ्या नेसणीची ओळख फार आधी झाली होती. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी. १८६४ साली त्यांची नेमणूक या इलाख्यात झाली, तेव्हा त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी इथल्या पारशी बायकांची नेसण शिकली, तिच्यात फेरफार करून ती बंगालमध्ये घेऊन गेली. आत परकर, वर ब्लाउज, निऱ्या पुढे खोचलेल्या आणि पदर खांद्यावर, ही ठेवण पुढे ब्राह्मो घरांतल्या बायकांत रुजली. ज्या मुंबईत तिला ही नेसण सापडली, तिथल्या मराठी घरांत मात्र लुगडं अजून अनेक दशकं टिकून राहिलं.

कारण हिशेबात आहे. लुगडं नेसणारीला परकर लागत नाही. कासोटा घातला की चिखलात भात लावता येतो, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन झपाझप चालता येतं. ज्या हातांना लहानपणापासून नऊ वार आवळून ओचा खोचायची सवय, त्यांना परकराच्या नाडीवर तोललेली साडी सुटेल अशी धास्ती. आणि सर्वांत जड भाग लोकलाजेचा. अनेक घरांत सोवळ्यातला स्वयंपाक, देवपूजा, लग्नविधी कासोट्याशिवाय व्हायचे नाहीत. गोल नेसणारी मुलगी नुसता कपडा बदलत नव्हती. घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद ओढवून घेत होती.

म्हणून सुरुवात झाली ती ज्यांचा हिशेब वेगळा होता त्यांच्यापासून: शहरात शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली, नोकरीला लागलेल्या बायका. यांचा दिवस घराबाहेर, अनोळखी लोकांत जायचा आणि तिथे आजूबाजूला गोल नेसलेल्या सोबतिणी असायच्या. मग शहरी मध्यमवर्ग, मग तालुक्याची गावं, मग खेडी. या सगळ्यात एक गोष्ट ठळक दिसते. लुगडं नेसणाऱ्या बहुतेक बायकांनी शेवटपर्यंत लुगडंच नेसलं. बदलली ती पुढची पिढी. कोणत्याही जुन्या एकत्र कुटुंबाच्या फोटोत हे थर दिसतात: आजी लुगड्यात, आई गोल साडीत, नात पंजाबी ड्रेसमध्ये. तिघी एकाच घरात, एकाच पाण्यानं धुणं धुणाऱ्या, पण प्रत्येकीनं आपल्या तारुण्यात जे पत्करलं तेच पुढे चालवलं.

आता आजची नऊवारी पाहा. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत, ढोल-ताशा पथकात, लग्नाच्या फोटोंसाठी मुली हौसेनं नऊवारी घालतात. ‘घालतात’ हेच क्रियापद योग्य, कारण त्यातल्या बऱ्याचशा शिवलेल्या असतात. कासोटा टाक्यांनी बसवलेला, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. पाच मिनिटांत तयार. कसबाची अट गेली, लोकलाजेचा प्रश्न उरला नाही, उलट कौतुक. आणि संध्याकाळी उतरवून जीन्स चढवता येते. जी नेसण जायला दोन-तीन पिढ्या लागल्या, ती एका दिवसाची हौस म्हणून परत यायला काही सणच पुरले.

एक टोपी, दोन वेग

तोच कपडा दोन काळांत दोन वेगांनी पसरलेला पाहायचा असेल, तर गांधी टोपीसारखं उदाहरण नाही. १९२०च्या आगेमागे असहकाराच्या चळवळीत ती पुढे आली. पगडी-फेट्याला कापड फार लागतं. ही थोड्याशा खादीत होते, धुता येते, घडी करून खिशात मावते. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला परदेशी कापडाची मोठी होळी झाली. पण परदेशी कापड सोडून अंगभर खादी वापरायची तर ती जाडीभरडी, जड आणि गिरणीच्या कापडापेक्षा महाग. टोपी मात्र कुणालाही परवडणारी आणि लांबूनही दिसणारी. म्हणून एकाच विचाराच्या दोन वस्तूंपैकी टोपी पुढे गेली, खादीचे कपडे मागे राहिले. स्वतः गांधीजींनी टोपी थोडाच काळ वापरली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं ती डोक्यावरून उतरवलीच नाही.

पैशानं स्वस्त असली तरी त्या काळी ती दुसऱ्या अर्थानं महाग होती. सरकारी नोकरांना अनेक ठिकाणी तिला बंदी होती. टोपी घालणं म्हणजे वरिष्ठांचा रोष पत्करणं. ज्यानं एवढं सोसून टोपी घातली, तो ती सहजासहजी काढणार नव्हता. मागून येणाऱ्यांसाठी ती मळलेली वाट झाली. वारकऱ्यांच्या, डबेवाल्यांच्या, बाजारसमितीतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर तिनं पिढ्या काढल्या.

ऑगस्ट २०११मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजाऱ्यांनी दिल्लीच्या रामलीला मैदानावर उपोषण केलं. काही दिवसांत देशभर ‘मी अण्णा’ म्हणणाऱ्या छापील टोप्या दिसू लागल्या. ज्या कॉलेजच्या पोरांनी आजोबांची टोपी कधी हातात धरली नव्हती, ती मोर्चात टोपी घालून फोटो काढत होती. चहाच्या किमतीत टोपी मिळत होती, नोकरीला धोका नव्हता, घरी आल्यावर ती खुंटीला लटकवता येत होती. उपोषण सुटलं आणि बहुतेक टोप्या खुंटीवरच राहिल्या. पुढच्या वर्षी आम आदमी पक्ष स्थापन झाला, टोपीवरचा मजकूर बदलला आणि ती एका पक्षाची खूण झाली. मग ती न घालण्यालाही एक कारण मिळालं.

झरझर येतं ते झरझर जातं

हे टोपीपुरतं नाही. जोना बर्जर आणि गाएल ल मँ या संशोधकांनी २००९ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या बाळांच्या नावांची शंभरेक वर्षांची नोंद तपासली. नावं निवडण्याचं कारण साधं: नाव फुकट असतं, त्याची जाहिरात होत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याचा हात वजा करून निव्वळ लोकांची आवड दिसते. जी नावं एकदम वर चढली, ती तितक्याच वेगानं घसरली. सावकाश वर आलेली सावकाश उतरली. होऊ घातलेल्या आईबापांना विचारलं, तेव्हा कारणही कळलं. एखादं नाव फार झपाट्यानं वाढताना दिसलं की त्यांना ते चार दिवसांचं खूळ वाटत होतं आणि तेच टाळावंसं वाटत होतं.

याच बर्जरनं चिप हीथबरोबर स्टॅनफर्ड विद्यापीठात आणखी एक प्रयोग केला होता. एका वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना पिवळे मनगटपट्टे विकले. मग शेजारच्या पुस्तकी किडे म्हणून प्रसिद्ध असलेल्या वसतिगृहातही तेच पट्टे विकले. शेजाऱ्यांच्या हातात पट्टा दिसताच पहिल्या वसतिगृहातल्या जवळजवळ एक-तृतीयांश मुलांनी तो काढून ठेवला. पट्टा बदलला नव्हता. तो कुणाच्या हातात दिसतो, ते बदललं होतं. जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यानं १९०४ सालीच हे म्हणून ठेवलं होतं: माणसाला आपल्या लोकांसारखं दिसायचं असतं आणि इतरांपेक्षा वेगळंही. फॅशन ही दोन्ही भुका एकदम भागवते, म्हणून ती सर्वांपर्यंत पोचली की तिचं काम संपतं.

वेगाचा फायदा कुणाला

पूर्वी पडद्यावरची फॅशन अंगावर यायला मध्ये शिंपी लागायचा. केसांचा ‘साधना कट’ हवा तर आरसा आणि कात्री. ‘हम आपके हैं कौन’मधल्या माधुरी दीक्षितसारखी जांभळी साडी हवी तर कापडबाजार. प्रत्येक टप्प्याला थोडा वेळ जायचा आणि तेवढ्यात बऱ्याच फॅशन गळून पडायच्या. ‘झारा’सारख्या साखळी दुकानांनी चित्रापासून विक्रीपर्यंतचा काळ काही आठवड्यांवर आणला. मोबाइलनं उरलेलं अंतरही मिटवलं: रीलमधला कपडा बोटाच्या टोकावर, आवडला नाही तर परत पाठवायची सोय. मागे फिरण्याचा खर्च जवळपास शून्य. लोकांचा स्वभाव बदललेला नाही. हिशेबातल्या रकमा घटल्या.

या घटलेल्या रकमांचा भार कुणावर पडतो, ते येवल्यात दिसतं. हातमागावरच्या खऱ्या पैठणीला नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत वेळ लागतो. टीव्हीवर पैठणी बक्षीस मिळू लागली, समारंभात तिचा बोलबाला झाला, मागणी वाढली. ही मागणी विणकराच्या हातांच्या वेगानं पुरी होण्यासारखी नव्हती. ती पुरी केली यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’नं. खणाचंही तेच. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणाचा पन्हा चोळीपुरता. खणाची साडी, खणाचा ड्रेस, खणाची पर्स यांची लाट आली, तेव्हा मोठ्या पन्ह्याचं यंत्रावरचं कापड पुढे सरसावलं. लाट ओसरली की यंत्रमागवाला दुसरी नक्षी चढवतो. हातमागाचा विणकर तेवढ्या चपळाईनं ना चढू शकतो, ना उतरू शकतो.

वेगवान आवड नकलेला पोसते आणि संथ आवड कारागिराला, एवढा याचा अर्थ. नवं काही घेण्यात गैर काहीच नाही. घेणाऱ्यांनीच परकर आणला, ब्लाउज आणला, पंजाबी ड्रेस आणला. पण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी थोडं सोसून, थोडं शिकून घेतली म्हणून टिकली. पुढच्या वेळी दुकानात एखादी नवी तऱ्हा डोळ्यांत भरली, तर ती किती जणींकडे आहे हे मोजण्यापेक्षा ती सोडून देणं आपल्याला किती सोपं जाईल, हे मनाला विचारावं. अगदीच सोपं वाटलं, तर ती फार दिवस अंगावर राहणार नाही.